पहिले पंधरा दिवस

पहाटे सव्वाचार

ज्यांच्या होडीतून मी फिरते त्या मच्छीमार नानांचा मिस कॉल हाच माझा गजर. एकच रिंग, मग बंद. फोनवर बोलणं फुकट होऊन वर्षं झाली, पण नाना अजून मिस कॉलच देतात आणि चुकून उचलला तर रागावतात. मी अंधारातच पिशवी चाचपते: बाटल्या, पिपेट, प्लवकाचं जाळं, फॉर्मॅलिनचा डबा, बिस्किटांचा पुडा. काल बिस्किटांना फॉर्मॅलिनचा वास लागला होता, म्हणून आज पुडा खिशात.

मी एका प्रकल्पावर अकरा महिन्यांच्या करारावर आहे. कागदावर माझं पद प्रकल्प सहायक, नानांच्या भाषेत ‘मासं मोजणारी बाई’. खरं तर मी मासे मोजत नाही, माशांची पिल्लं मोजते. भिगवणच्या पुढे, उजनीच्या बॅकवॉटरच्या काठावर एका खोलीत राहते. खोलीच्या एका खिडकीखाली टेबल, टेबलावर सूक्ष्मदर्शक, आणि त्याच टेबलावर माझी रात्रीची भाकरी.

भाद्रपद आहे, गणपती नुकतेच गेले. धरण काठोकाठ भरलंय. चार महिन्यांपूर्वी हेच धरण मायनसमध्ये होतं. उजनीच्या काठावर ‘मायनस’ हा मराठीच शब्द आहे. शाळेतलं पोरगंही सांगतं, आज मायनस वीस. म्हणजे उपयुक्त साठा संपला, आता मृतसाठा उपसणं चालू. धरणाचं एकूण पोट ११७ टीएमसीच्या आसपास आणि त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृत, म्हणून इथलं मायनस लांबतं. उन्हाळ्यात पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातून वर येतं तेव्हा फोटो काढायला पुण्याहून गाड्या येतात. आत्ता ते देऊळ पाण्याखाली आहे.

पावणेपाच

होडीत मी पुढे, नाना मागे वल्ह्यावर. इंजिन लावायचं नाही, तळ ढवळतो आणि माझं मोजमाप बिघडतं, हे नानांना एकदाच सांगावं लागलं. पहिलं काम प्राणवायूचं. बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरायची, बुडबुडा आत राहता कामा नये. मग दोन रसायनं, पिपेटनं, एकामागून एक. तपकिरी साका बसला की पाण्यात प्राणवायू आहे, पांढरा राहिला की नाही. बॅटरीच्या उजेडात बघते. तपकिरी आहे, पण फिका, दूध जास्त झालेल्या चहासारखा.

ही वेळ मुद्दाम साधलेली असते. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढून घेतं, त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी पाणी सगळ्यात गरीब असतं. आणि इथे शेवाळाला काय तोटा! रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते, तिच्याबरोबर पुण्याचं आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी येतं, दौंडावरून पुढे ते सगळं या संथ पाण्यात येऊन थांबतं. शेवाळाला ते खतच. उन्हाळ्यात पाण्याचा रंग बघवत नाही.

माझ्या कामाशी याचा संबंध असा, की कमी प्राणवायूत ज्याला रात्र काढता येते तोच मासा इथे टिकतो. चिलापीला ते जमतं. सकर तर वर येऊन थेट हवा गिळतो, त्याच्या पोटाला ती शोषून घेता येते. भीमेच्या वाहत्या पाण्यात वाढलेल्या माशांना असल्या रात्रींची सवय नव्हती. तळ्यात बाहेरचा मासा आला म्हणून सगळं बिघडलं, असं आम्ही लिहितो. नानांचं म्हणणं वेगळं: घर आधी बिघडलं, मग पाव्हणा आला.

साडेपाच

नानांची तंगुसाची जाळी काढायची वेळ. मी मदत करते, म्हणजे बहुतेक वेळा मध्ये येते. जाळं हाताला जड लागलं की नाना आधी थांबतात. जड म्हणजे कटला असू शकतो, जड म्हणजे सकरही असू शकतो.

आज सकर.

हा मासा नीट बघण्यासारखा आहे, एकदा तरी. अंगावर खवले नाहीत, हाडांच्या पट्ट्या आहेत, घराच्या कौलांसारख्या एकावर एक बसवलेल्या. तोंड खालच्या अंगाला, गोल, रबरी बुचासारखं, दगडाला चिकटण्यासाठी. परांचे पहिले काटे जाड आणि खरखरीत. जाळ्यात सापडला की तो हे काटे आडवे काढतो आणि तसेच अडकवून ठेवतो, कुलूप लावल्यासारखे. मग ओढा, पिळा, शिव्या द्या, काटा मिटत नाही. नाना एकेक धागा सोडवत बसतात आणि शेवटी सुरी काढतात. सकर सुटतो, जाळ्याला भोक पडतं.

“एक सकर म्हंजी दुपारचा एक तास सुई-दोऱ्याला,” नाना म्हणतात. “आन् ह्यो मरत बी न्हाय. काठावर टाकला तर सांजच्याला बी हालतोय.”

बाजारात त्याला भाव नाही. चिलखत काढून आत जे मांस उरतं त्यासाठी कोण सुरी झिजवणार? मूळचा हा दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे आला तो काचेच्या टाकीतून. टाकीची काच चाटून साफ करतो म्हणून बोटाएवढा असताना विकत घेतात, तो फूटभर होतो, टाकीत मावेनासा होतो, आणि मग कुणाला तरी नदीची आठवण होते. नदीत आल्यावर नर काठाच्या मातीत हातभर खोल बिळं करतात आणि मादी तिथे अंडी घालते. बिळांनी पोखरलेला काठ पावसात सुटतो.

सकर दुसऱ्याची पिल्लं खातो का, हा प्रश्न मला गावात सारखा विचारतात. पिल्लांच्या मागे लागून खाणारा तो नव्हे. तो दगडावरचा, लाकडावरचा शेवाळाचा बुळबुळीत थर खरवडतो. पण त्याच थरात चिलटांच्या अळ्या असतात, आणि लहान पिल्लांचं पोट या अळ्यांवर असतं. कुणाची अंडी दगडाला चिकटलेली असली तर तीही त्याच खरवडण्यात जातात. तो मुद्दाम खात नाही, हे अंड्याला सांगून काही उपयोग नाही. मेक्सिकोतल्या चियापासमध्ये अभ्यासकांनी दाखवलंय की सकरांच्या हाडांच्या चिलखतात नदीतला फॉस्फरस मोठ्या प्रमाणात अडकून बसतो आणि बाकीच्यांच्या वाट्याला कमी येतो. उजनीत ती काळजी नको. आपल्या वरच्या अंगाला पुणं आहे.

पावणेसात

भिगवणचा मासळी बाजार. बर्फ फोडण्याचा आवाज, ओले क्रेट, आडतदाराची लय धरून चाललेली बोली. गणपती गेल्यामुळे आज उठाव चांगला आहे. ढिगांमागून ढीग चिलापी. एखाद्या क्रेटमध्ये रोहू, कटला, मृगळ, एका कोपऱ्यात वाम, आणि कुणाला लागला असेल तर शिवडा. शिवडा दिसला की चार माणसं वाकून बघतात.

मोझांबिक चिलापी भारतात १९५२ साली आणली. लवकर वाढते, मिळेल ते खाते, गरिबाच्या ताटात स्वस्तात प्रथिनं येतील, असा सरळ हिशेब होता आणि तो खोटाही नव्हता. पण सात वर्षांत सरकारी मत्स्यतज्ज्ञांच्या लक्षात आलं की ही तळ्यात दुसऱ्या कुणाला जागा ठेवत नाही. १९५९ साली तलाव-जलाशयांत ती सोडायला बंदी आली. तेव्हा उजनीचा पायाही खणलेला नव्हता. धरण पुरं झालं १९८० साली. म्हणजे बंदीनंतर दोन दशकांनी तयार झालेल्या घरात आज मुख्य भाडेकरू तीच आहे. आफ्रिकी मांगुराचंही तेच, लोक त्याला थायी मांगूर म्हणतात. त्याच्यावर २००० सालापासून बंदी आहे, आणि ‘मांगूर’ एवढंच नाव घेऊन तो विकला जातो.

बाजारात माझी एक मावशी आहे, नात्याची नाही, बाजाराची. क्रेटमध्ये वेगळं काही दिसलं की ती माझ्यासाठी बाजूला काढून ठेवते. तिला आज मी माझ्या वहीतली नावं वाचून दाखवते: खुद्री, कोळस, नुकटा, मुळ्या, फुलुंगी, गुंगवारी.

“ही तुला कुणी शिकवली?”

कर्नल सायक्सनं, मी म्हणते. विल्यम सायक्स. दख्खनात सरकारी मोजणीच्या कामावर असलेला इंग्रज अधिकारी. इथल्या नद्यांतले मासे त्यानं कोळ्या-भोयांकडून गोळा केले आणि १८३९ साली लंडनला त्यांची शास्त्रीय वर्णनं छापली. नवं नाव देताना बहुतेक वेळा त्यानं खटपट केली नाही, कोळी जे म्हणत तेच लॅटिन पोशाखात बसवलं. म्हणून आज जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ आपल्या महसीरला टॉर खुद्री म्हणतो. नाकावर शिंगासारखा उंचवटा असलेल्या माशाचं शास्त्रीय नाव संपतं ते ‘नुकटा’ या शब्दावर.

मावशी क्रेटवर पाणी मारत ऐकते. “नुकटा माझी सासू सांगायची. मी न्हाय बघितला.” आणि गिऱ्हाईक आलं म्हणून ती वळते. मावशीच्या आयुष्यात न आलेला मासा, त्याचं मराठी नाव लंडनच्या कागदांत शाबूत.

साडेनऊ

उथळ पाणी. माझ्या दिवसातला हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि माझ्या गुडघ्यांना सगळ्यात नावडतो. धरण भरताना काठची गवतं, वेड्या बाभळी, कुणाचं उन्हाळी पीक घेतलेलं गाळपेर, सगळं गुडघाभर पाण्यात जातं. ते बुडालेलं गवत म्हणजे पिल्लांची बालवाडी. खवली, अळकूट असले लहान देशी मासे पावसाळ्यात याच गवतात अंडी सोडतात. आम्ही दोघं बारीक मेशचं ओढजाळं दोन टोकांना धरून वीस पावलं चालतो, काठाशी आणतो आणि पाटीत झाडतो.

पाटीत आज काय? चिमूटभर कोळंबी, दोन पाणविंचू, गप्पी मासे. गप्पी बघून नाना हसतात, कारण आमच्या शाळेच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत गप्पी पाळायला सांगितलं होतं आणि गप्पीही दक्षिण अमेरिकेतलाच, हे मी त्यांना मागे सांगितलंय. बाकी सगळी पिल्लं चिलापीची. नखाएवढी, अंगावर उभे पट्टे, आणि पाठीच्या परावर मागच्या बाजूला एक काळा ठिपका. तो ठिपका बघून पाच सेकंदांत ओळखता येतं. खवलीची चार पिल्लं मिळाली. अळकुटाचं एक. ती पाच मी वेगळ्या बाटलीत घेते, दुपारसाठी.

पाणी निवळ असेल तर इथे तळाला परातीएवढे खळगे दिसतात, एकाला लागून एक, जणू कुणी ओल्या मातीत ताटं दाबून ठेवलीत. ही चिलापीच्या नरांची घरटी. प्रत्येक खळग्यावर एक नर पहारा देतो, काळपट झालेला, तोंड पांढरं. दुसरा मासा जवळ आला की अंगावर जातो. एवढा उथळ काठ अशा खळग्यांनी भरला की त्या जागेत गवत धरत नाही.

नानांनी मला एकदा दाखवलेली गोष्ट आज मी पुन्हा बघितली. जाळ्यात एक मादी होती, गाल फुगलेले. नानांनी तिला हलक्या हातानं उचलून बादलीवर धरलं. तिनं तोंड उघडलं आणि आतून पिल्लं सांडली, बाजरी ओतावी तशी. दोन-तीनशे तरी असतील. मादीला त्याच बादलीत सोडलं. मिनिटभर काही नाही. मग ती तोंड उघडून स्थिर राहिली आणि पिल्लांचा तो ढग तिच्या दिशेनं वळला, आत गेला. सगळी नाही, पण बरीचशी. मी घड्याळ बघायचं विसरले. नोंदीत वेळ लिहिलेली नाही.

आता याच्यासमोर रोहूचा संसार ठेवून बघा. रोहूची मादी किलोमागे लाखांनी अंडी देते आणि देऊन निघून जाते. तीही वर्षातून एकदाच, पावसाळ्यात, आणि पुराचं वाहतं पाणी मिळालं तर. धरणाच्या साचलेल्या पाण्यात ती अंडी सोडतच नाही. १९५७ च्या जुलैत डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशाला पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अंडी सोडायला लावलं, तेव्हापासून आपल्या रोहू-कटल्याचा पाळणा हॅचरीत हलतो. तिथून मत्स्यजिरे, मग बोटुकली, मग टेम्पोतून धरणात. जिरे हा शब्द कुणी काढला त्याला माझा नमस्कार, बघितलं की पटतं.

चिलापीला टेम्पो लागत नाही. तिची अंडी शेकड्यांत, पण आईच्या तोंडात दहा-बारा दिवस सुरक्षित. महिना-दीड महिन्यानं पुढची खेप. आणि खायला कमी पडलं, गर्दी झाली, तर ती वाढायचं थांबवते, पण वीण थांबवत नाही. तळहाताएवढ्या मादीच्याही तोंडात पिल्लं असतात. आडतदाराची ‘माल बारीक झाला’ ही तक्रार आणि नानांची ‘बारीक मेशची जाळी बोकाळली’ ही तक्रार, दोन्ही खऱ्या आहेत. वडाप, म्हणजे बारीक मेशचं मोठं ओढजाळं, लावून नखाएवढी पिल्लं ओढणाऱ्यांना मी याच काठावर बघितलंय. त्यात चिलापीही जाते आणि खवलीही जाते. फरक एवढाच की पुढच्या महिन्यात चिलापी परत येते.

पाऊण

जेवण. नानांच्या घरी काकूंनी वाढलेली भाकरी, तळलेली चिलापी, कांदा. काटे कमी, गोडसर मांस, तव्यावर तिखट-मीठ-हळदीत कुरकुरीत झालेली. सोलापूर रस्त्यावरच्या हॉटेलांच्या पाट्या हिच्याच नावानं रंगवलेल्या आहेत आणि नानांच्या दोन मुलींचं शिक्षण हिच्यावर झालं. मी दोन खाल्ल्या. माझ्या अहवालात ती ‘आक्रमक परकी प्रजाती’ असते.

दोन

खिडकीखालचं टेबल. आधी प्लवक. सकाळी शंभर लिटर पाणी बारीक जाळ्यातून गाळलं होतं, त्याचा गाळ काचपट्टीच्या कप्प्यात. एक मिलिलिटर मावेल एवढाच तो कप्पा. डोळा भिंगाला लावला की दुपारची गरमी, माशा, बाहेरचा ट्रॅक्टर, सगळं जातं.

हिरवे-निळे ठिपक्यांचे पुंजके सगळीकडे. हे निळं-हिरवं शेवाळ, बहुतेकांना न पचणारं. चिलापीच्या जठरातलं आम्ल फार तीव्र असतं, तिला ते पचतं. बाकीच्यांचा कचरा तो हिचा पोळा. पुंजक्यांच्या मधून रोटिफर फिरतात, तोंडापाशी केसांची चाकं गरगरतात. पाणपिसू शोधते. एक लहान मिळाली, दुसरी मिळाली. मोठी, पाठीत अंडी भरलेली पाणपिसू पट्टीच्या शेवटापर्यंत नाही.

आता आमच्या सगळ्या कामाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबते. माशाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा पोटाला बलकाची शिदोरी बांधलेली असते. रोहूसारख्या माशांत ती तीनेक दिवस पुरते. ती संपली की तोंड उघडतं आणि त्या तोंडात मावेल असं काहीतरी समोर पाहिजे. आधी रोटिफर, दोन-चार दिवसांनी बारकी पाणपिसू, मग मोठी. पायऱ्या आहेत. एक पायरी गायब असली की पिल्लू तिथेच राहतं. चिलापीची पिल्लंही प्राणिप्लवकच खातात, मोठी चिलापी पाणी गाळता गाळता तेच घेते, आणि मासे नेहमी मोठी पाणपिसू आधी टिपतात, कारण ती दिसते. कटला तर जन्मभर प्राणिप्लवकावर जगणारा. सगळे एकाच पंक्तीला, आणि एक जण बारा महिने आधीच पानावर बसलेला.

दुसरी बाजू अशी की मोठी पाणपिसू हीच शेवाळाची खरी चरणारी. ती कमी झाली की शेवाळ आणखी माजतं, पहाटेचा प्राणवायू आणखी उतरतो, आणि चिलापी सोडून सगळ्यांचे हाल वाढतात. पाणी हिरवं झालं म्हणून चिलापी वाढली, की चिलापी वाढली म्हणून पाणी हिरवं राहिलं? दोन्ही बाजूंनी दोर ओढला जातो. यात मोठा मासा लहान माशाला गिळतो असं नाट्य फारसं नाही, जरी चिलापी दुसऱ्यांची पिल्लं गिळते हेही खरं. बहुतेक मरणं बिनआवाजाची असतात. पिल्लू एक दिवस उपाशी राहिलं, मंद झालं, आणि पाणविंचवानं धरलं. पहिले पंधरा दिवस ज्याचे गेले तो वर्षभर जगतो.

साडेतीन

ते पंधरा दिवस वाचण्याची एक युक्ती आहे. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, चुन्याचे खडे असतात. पिल्लाच्या खड्यावर रोज एक कडं चढतं, झाडाच्या खोडात वर्षाचं चढतं तसं. भरपूर खाल्लेल्या दिवसाचं कडं रुंद, उपासाच्या दिवसाचं अरुंद.

सकाळची खवली. दोन सेंटिमीटर. दोन सुया, एकीनं डोकं धरायचं, दुसरीनं कवटीचा तळ उघडायचा. श्वास रोखून धरते, कारण खडा टाचणीच्या टोकाएवढा आहे आणि मागच्या आठवड्यात एक मी शिंकेत घालवला. निघाला. काचेवर डिंकाचा थेंब, खडा त्यात, वाळल्यावर बारीक कागदावर घासायचा, तीन वेळा, चार वेळा. जास्त घासला तर मधली कडी जातात, म्हणजे जन्मच पुसला जातो.

दिसतात. मधे काळा ठिपका, भोवती कडी. एक, दोन, तीन, चार चांगली रुंद. पाचव्यापासून जवळजवळ येतात, इतकी की मी दोनदा मोजते आणि दोन वेगळे आकडे येतात. मग बारा-तेराच्या पुढे पुन्हा मोकळी. हे पिल्लू मधल्या आठवड्यात अर्धपोटी होतं आणि तरीही निभावलं. एका पिल्लावरून काही सिद्ध होत नाही, आमच्या प्रकल्पाच्या मॅडम हे वाक्य मला दर सोमवारी ऐकवतात. शिवाय जी निभावली नाहीत त्यांचे खडे माझ्या टेबलावर येत नाहीत. मी वाचते ते जगलेल्यांचंच.

बाकी तीन खवल्या आणि अळकूट संध्याकाळपर्यंत होतात. पोटं फोडून बघते. एकीत चिलटाची अळी, दोघींत रोटिफर, एक रिकामी. अळकुटाच्या पोटात एक मोठी पाणपिसू, आख्खी. मला पट्टीवर सापडली नाही ती त्याला सापडली.

सहा

तक्ता भरणे. तक्त्यात दोन रकाने आहेत, देशी आणि विदेशी. चिलापी, सकर, गप्पी, सायप्रिनस, गवत्या, चंदेरा हे विदेशी. खवली, अळकूट, शिवडा, वाम, मरळ हे देशी. आणि रोहू? कटला? मृगळ?

नियमाप्रमाणे देशी. भारतातलेच आहेत. पण ते मुळात गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले, भीमेच्या या वरच्या अंगाला आपण टेम्पोतून आणलेले. नुकट्याच्या, कोळसाच्या दृष्टीनं बघितलं तर रोहूही पाहुणाच. आपण त्याला पंगतीत मानाचं पान दिलं, कारण तो आपल्याला चवीचा आहे आणि त्याला भाव आहे.

उलटही घडलंय. आपला खुद्री महसीर, पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून सायक्सनं वर्णन केलेला. त्याचं बीज लोणावळ्याच्या हॅचरीत तयार झालं, मोठ्या हौसेनं देशभर गेलं, कावेरीतही सोडलं गेलं. तिथे आज तोच जिकडेतिकडे आहे, आणि कावेरीचा स्वतःचा पाठीवर उंचवटा असलेला महसीर नामशेष होण्याच्या कड्यावर उभा आहे. म्हणजे कावेरीच्या काठावर कुणी माझ्यासारखी बाई बसली असेल तर तिच्या तक्त्यात आक्रमक म्हणून खुद्रीची नोंद होत असेल, मराठी नावासकट. देशाची सीमा माशाला कळत नाही, त्याला खोरं कळतं. मी रोहूसमोर ‘देशी’ असं लिहिते आणि कंसात पेन्सिलनं ‘आणलेला’ असं टाकते. मॅडम ते खोडतात. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा टाकते.

सव्वासात

भाच्याचा फोन, पुण्याहून. इकडचं तिकडचं झालं आणि मग मुद्दा. “मावशी, आपल्या टाकीतला तो काळा मासा आठवतो? काच चाटणारा. खूप मोठा झालाय गं, बाकीच्यांना ढकलतो. आई म्हणते, मुळेत सोडून ये. पुण्यही लागेल.”

मी विचारलं, केवढा झालाय?

“दीड वीत.”

सकाळचा नानांचा सकरही दीड वीतच होता. मी त्याला भलंमोठं भाषण दिलं असतं, पण समोर दहा वर्षांचं पोर आहे आणि त्यानं आधी विचारलं तरी. त्याला म्हटलं, दुकानात परत दे. नाही घेतला तर ओळखीत मोठी टाकी असलेलं कुणी बघ. तेही नाही जमलं तर दिवाळीला मी येईन तेव्हा मला दे, मी बघते. नदीत मात्र नको.

“एकानं काय होतंय?”

तुझ्या वर्गात कितीजणांकडे टाकी आहे, मी विचारलं. तो मनात मोजत राहिला. फोन चालूच.

तुमच्याही घरी टाकी असेल. टाकीतला मासा नकोसा झाला तर तो नदीत, तलावात, विहिरीत, गणपतीच्या हौदात, कुठेही सोडू नका. दुकानात परत करा, नाहीतर सांभाळणारं कुणी शोधा. मुळेचं पाणी दौंडावरून इथेच येतं, आणि नाना उद्या पहाटे साडेपाचला जाळं काढणार आहेत.